परदेशी बाई इथं राहत नाही

मंगळ., ४ नोव्हेंबर

भाऊजी आज पुन्हा उशिरा. नऊला निघायचं ठरलं होतं, गाडी अंगणात आली तेव्हा ऊन पार ओट्यावर चढलेलं. "वहिनी, मोटर जळली व्हती." मोटर खरंच जळली का, हे विहिरीवर जाऊन पाहावं असं मनात आलं. गेले नाही. पण मनात आलं, हे लिहून ठेवते.

मंचरला पोचलो तोवर इराचा अर्धा वर्ग संपलेला. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. माझ्या लेकीच्या कानात ऐकण्याचं मशीन बसून वर्ष होत आलं. मशीन नुसतं ऐकवतं. ऐकलेलं ओळखायला आणि बोलायला शिकवावं लागतं. मंगळवार-शुक्रवार, चुकवायचं नाही, असं मॅडमनी पहिल्या दिवशीच बजावलंय. चार वर्षांची झाली. मॅडम म्हणतात, आत्ताचं वय परत येत नाही.

ऑगस्टपर्यंत मीच नेत होते. मग एकदा पर्स आवरताना लायसन्स हातात आलं, आणि मुदत जानेवारीतच संपलेली. म्हणजे मी इतके महिने इराला मागे बसवून... त्या दिवसापासून चावीला हात लावलेला नाही.

गुरु., ६ नोव्हेंबर

सगळ्यांचं एकच. चालव गाडी, कोण बघतंय? ओतूर ते मंचर, ओळखीचा रस्ता. शेजारच्या काकू तर म्हणाल्या, "आमच्या पोराकडं लायसन बी न्हाई आन् ट्रॅक्टर आळेफाट्याला नेतो."

त्यांचं ठीक आहे. त्यांच्या पोराकडे केनियाचा पासपोर्ट नाही. पप्पा तिथल्या फुलांच्या फार्मवर हिशेबनीस, मी तिथंच जन्मले, तिथलीच नागरिक. इथं मी ओसीआय कार्डावर आहे, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते. उद्या गाडीला कुणी नुसतं घासलं, तरी इतरांना दंड होईल आणि माझी चौकशी. रोहित म्हणतो, असं काही नसतं. कुठे लिहिलंय, असं विचारलं की मोबाइल उघडून बसतो.

लायसन्सची फाइल एजंटकडे दिलीय, भाऊजींच्या ओळखीचा. भाऊजी म्हणतात "वर गेलीय." वर म्हणजे कुठे? "वर म्हंजी वर."

जानेवारी उलटला तर नुसतं नूतनीकरण होणार नाही. पुन्हा टेस्ट, पुन्हा सगळं.

शनि., ८ नोव्हेंबर

रोहित आला. नोकरी चाकणला, घरी येतो शनिवारी, सोमवारी पहाटे जातो. गाडीचा प्रश्न त्याला कधी पडतच नाही. त्याला म्हटलं, भाऊजी मुद्दाम लांबवतायत असं वाटतं.

"सागर? त्याला काय मिळणार?"

तेच तर कळत नाही. पण मी गाडी चालवायला लागल्यापासून ती गाडी "वहिनीची" झाली होती. आता पुन्हा त्यांची झालीय. मित्रांना घेऊन मढपर्यंत फिरून येतात. सीटखाली शेंगांची टरफलं सापडली.

रो. हसला. "तू पोलिसात जायला हवं होतंस." मग इराशी खेळायला गेला. ती पाठमोरी होती. त्याने हाक मारली, तिने वळून पाहिलं नाही. दुसऱ्यांदा मारली तेव्हा वळली.

मंगळ., ११ नोव्हेंबर

भाऊजींना ऐनवेळी कांद्याची रोपं आणायला जावं लागलं. (ऐनवेळी.) एसटीने गेलो. नारायणगावला बदलून, इराला मांडीवर घेऊन. येताना दुसरी गाडी चुकली. पुढची मिळून आमच्या फाट्यावर उतरलो तेव्हा दिवेलागण. पुढे दोन्हीकडे ऊस. या दिवसांत त्या रस्त्याने अंधार पडल्यावर पायी कुणी येत नाही, वाघाच्या भीतीने. इथं बिबट्याला वाघच म्हणतात. मी मोबाइलवर गाणी लावून चालत होते. इराला कडेवर घेतलं, तर ती सारखी खाली वाकून पाहायची.

अर्ध्यात आई दिसल्या. सासूबाई. एका हातात बॅटरी, एका हातात काठी, आणि मोठ्याने ओरडत येत होत्या, वाघाला की मला, कळलं नाही.

"लेकराला घेऊन या वक्ताला? काय नडलंय का त्या मंचरला?"

"वर्ग असतो, आई."

"वर्ग! आपसूक बोलंल ती. आमचा सागर चार वर्साचा व्हईस्तवर बोलला न्हवता. आता बघ, गप बसतो का?"

घरी येऊन गरम पाणी दिलं, भाकरी वाढली, माझ्या पायावरचे उसाच्या पात्यांचे ओरखडे पाहिले.

गुरु., १३ नोव्हेंबर

भाऊजींना न सांगता एजंटकडे गेले. स्टँडच्या मागे झेरॉक्सचं दुकान, तिथेच त्याचं टेबल. त्याने मला पाहिल्याबरोबर मोबाइल उलटा ठेवला. का?

"ताई, तुमचं काम अडलंय. तुमी परदेशी, म्हणून राहत्या पत्त्याचा पोलिसांचा दाखला लागतो. हवालदार चौकशीला गेला व्हता तुमच्याकडं."

"कधी?"

"दसऱ्याच्या आधी. त्याला सांगितलं, अशी कुणी बाई इथं राहत नाय." मग हसला. "कागदावर तुमी ओतुरात न्हाईच, ताई. मग हितं कोण बसलंय?"

मला हसू आलं नाही. हे दसऱ्याच्या आधीचं, आणि मला आज कळतंय. विचारलं, भाऊजींना सांगितलं होतं का? "सांगितलं की. ते म्हणले बघतो."

शुक्र., १४ नोव्हेंबर

गाडीत विचारलं. मंचरला जाताना, इरा झोपली तेव्हा.

भाऊजींनी गाडी बाजूलाच घेतली. कान लाल. "वहिनी, मी म्हणलो का पोलिसाला? मी त्या दिशी घाटघरला व्हतो, दोस्ताच्या लग्नात. एजंट म्हणला रिपोर्ट उलटा आलाय, म्हणलं गुपचूप दुसरा करून घेऊ, घरात कालवा नको. तुमी माझ्यावरच संशय घेताय व्हय?"

"मग घरी कोण होतं?"

गाडी सुरू केली. पेठच्या पुढे आल्यावर म्हणाले, "आईच व्हती."

इतके दिवस भाऊजींवर डोळा ठेवून होते. आईंचा विचारच केला नव्हता. माफी मागायला हवी होती, ती वर्गाच्या दारात मागितली. "जाऊ द्या वहिनी. पण शेंगा खाल्ल्या त्या मीच." म्हणजे रो.ने सगळं सांगितलेलं दिसतं.

शनि., १५ नोव्हेंबर

दुपारी ओट्यावर आई आणि मी मेथी निवडत होतो. विचारून टाकलं. आवाज शांत ठेवला, हात मेथीत.

आईंनी डोकंही वर केलं नाही.

"आला व्हता. म्हणला, शलाका नावाची परदेशी बाई ऱ्हाती का? म्हणलं, न्हाई बा. परदेशी बाई कशाला ऱ्हाईल हितं?"

"आई, ती मीच ना."

"तू काय परदेशी हाय व्हय? तू घरची सून. आन् तुझं नाव गौरी."

लग्नात तांदळात गौरी लिहिलं, ते खरं. तेव्हापासून गावात मला शलाका म्हणून कुणी हाक मारलेली नाही. रो.सुद्धा फक्त फोनवर.

मला रडू आलं. म्हणजे बरं वाटून. आईंनी माझ्यापुढची अर्धी जुडी स्वतःकडे ओढून घेतली.

रवि., १६ नोव्हेंबर

काल बरं वाटलं होतं. आज नाही.

शलाका हे नाव आईंना माहीत नाही, असं कसं? लग्नपत्रिकेवर तेच होतं. पत्रिका त्यांनीच वाटल्या. मम्मीचा फोन आला की मम्मी "शलाकाला द्या" म्हणते आणि आई फोन आणून देतात. आणि पोलीस आला होता, हे मला सांगितलंसुद्धा नाही. दसऱ्यापासून आजपर्यंत, रोज एका चुलीशी.

मंचरला जाणं त्यांना आवडत नाही. आपसूक बोलेल म्हणतात. मला लायसन्स नसलं तर जाणं आपोआप कमी होतं.

मला सून म्हणून लपवलं की अडवून ठेवलं? दोन्ही एकाच वाक्यात बसतं.

मम्मीला फोन केला. फार्मपासून शाळा लांब, म्हणून दहाव्या वर्षापर्यंत तिनेच घरी शिकवलं मला. पेपर मलाच तपासायला लावायची आणि स्वतः स्वयंपाकघरात निघून जायची. तेव्हापासून मी दुसऱ्यांचेही तपासते. मम्मी म्हणाली, "त्यांना सरळ विचार." विचारलं ना. उत्तर इतकं गोड आलं, तिथेच अडलंय.

बुध., १९ नोव्हेंबर

भाऊजींबरोबर पोलिसांकडे जाऊन आले. हवालदार वयस्क, सभ्य. चूक दुरुस्त होते म्हणाले. पण घर ज्याच्या नावावर, त्याचा जबाब हवा. सासरे गेल्यावर घर आईंच्या नावावर झालं. त्यांनी स्वतः सांगायचं, की अमुक परदेशी नागरिक माझ्या घरी राहते, आणि खाली सही. शुक्रवारी संध्याकाळी घरी येतो म्हणाले.

आईंना सांगितलं. कणीक मळता मळता थांबल्या.

"मी न्हाई करणार सही."

"का?"

"परदेशी म्हणून माझ्या सहीनं लिवून द्यायचं? उद्या कुणी आलं, म्हणलं हिला घेऊन जातो, तर माझीच सही दाखवंल. टीव्हीवर रोज दावत्यात. घुसखोर म्हणून धरत्यात लोकांना."

"आई, माझ्याकडे कार्ड आहे. मला कुणी नेणार नाही."

"तुला काय म्हाईत? तूच तर म्हणती, गाडीला कुणी घासलं तरी चौकशी व्हईल."

माझंच वाक्य. भाऊजी म्हणाले, "आता दोघी घाबरा. लई झ्याक." दोघींनी त्यांच्याकडे एकदमच रागाने पाहिलं.

ही भीती खरी वाटली. पण शनिवारचं उत्तरही खरंच वाटलं होतं.

गुरु., २० नोव्हेंबर

आईंना म्हटलं, उद्या मंचरला चला. सहीचं सोडा, इरा काय करते ते बघा. "मला कांदा लावायचाय." बरं म्हटलं.

शुक्र., २१ नोव्हेंबर

सकाळी चप्पल घालून गाडीत बसलेल्या. पुढच्या सीटवर.

वर्गात मॅडम कागद तोंडासमोर धरतात, म्हणजे इराने ओठ पाहून ओळखायचं नाही, ऐकूनच ओळखायचं. "पाणी" म्हटलं की पाण्याचं चित्र. इराने गायीवर बोट ठेवलं. मग पुन्हा. मग बरोबर. मॅडम म्हणाल्या, दोन आठवड्यांपूर्वी हे लगेच ओळखत होती, मध्ये वर्ग अर्धेमुर्धे झाले ना. आईंनी पदर तोंडाला लावला. का ते कळलं नाही, त्यांना खोकलाही आहे.

येताना फक्त एकदाच बोलल्या. "सागरला कुनी न्हेलं न्हवतं असं कुटं." भाऊजी आरशात पाहत राहिले.

हवालदार दिवे लागायच्या आधी आले. आई धुतलेलं लुगडं नेसलेल्या. मला म्हणाल्या, "तू आत ऱ्हा." मी चहा ठेवला आणि दारामागे उभी राहिले. चहा उतू गेला, त्या आवाजात पहिलं वाक्यच गेलं. नंतर ऐकू आलं ते एवढंच:

"किती वर्षं राहते?"

"लग्नापसनं."

"गाडी कशाला लागते तिला?"

"माझ्या नातीला शाळा हाय मंचरला. चुकून चालत न्हाई."

मग आवाज खाली गेला. हवालदार बराच वेळ लिहीत होते. मी चहा घेऊन बाहेर आले, तोवर कागद बॅगेत गेलेला. मला म्हणाले, "बघू, वर पाठवतो." पुन्हा तेच वर.

ते गेल्यावर विचारलं, सही केलीत?

"केली."

"कशावर केली? वाचलंत?"

"त्यानं वाचून दावलं." कपबशा उचलल्या. दारात थांबल्या. "तुझं ते आधीचं नाव काय गं? नीट सांग एकदा."

सांगितलं.

त्यांनी ते हळू, दोनदा म्हणून पाहिलं, नवं काही शिकल्यासारखं. मग म्हणाल्या, "हां. तेच सांगितलं मी." आणि आत गेल्या.

कागदावर शलाका लिहिलंय की गौरी, ते बघायला भाऊजींना हवालदारांच्या मागे पाठवावं का, ते ठरत नाहीये. गाडीची चावी समोर खिळ्याला आहे. भाऊजी पायात चपला घालून विचारतायत, "जाऊ का नको, वहिनी?"