अखेर भाडेकरू मिळाला!

ती. दादांना,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. पत्रास कारण की, मी जिंकलो.

पण आधी क्षेमकुशल. तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला गेला का? इकडे सर्व ठीक आहे. तुमची बहीणही ठीक आहे, हल्ली जरा जास्तच ठीक आहे (त्याबद्दल पुढे लिहितो).

मी भाड्यानं द्यायला म्हणून दुसरं घर घेतलं तेव्हा तुम्ही चारचौघांत म्हणाला होतात, "जावईबापू, तुम्हाला एक घर सांभाळता येत नाही, दुसरं कशाला घेताय? वर्षभरात धड भाडेकरू मिळाला नाही तर मुकाट्यानं विकून टाका." मी मान डोलावली होती. तेव्हा आता नीट वाचा : वर्ष संपायच्या आत भाडेकरू मिळाला. घर विकायचं नावसुद्धा काढायचं नाही. तुमचे चिरंजीव, आमचे भाचेबुवाही असंच घर घ्यायच्या विचारात आहेत असं कानावर आलं, म्हणून हे पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. अनुभवाचे बोल आहेत, फुकट मिळताहेत.

पहिला बोल असा की, घर दाखवताना मालकानं तोंड उघडू नये. सुरुवातीला एक जोडपं आलं होतं. चांगली माणसं, घर आवडलं होतं. मग मी प्रामाणिकपणे कपाटामागची ओल दाखवली, वरच्या मजल्यावरच्या बाई रोज गाणं शिकतात हे सांगितलं (आणि त्यात प्रगती नाही हेही सांगितलं), शिवाय जिन्यातला दिवा लागत नाही म्हणून जपून उतरा म्हणालो. ती दोघं इतक्या घाईनं उतरली की छत्री विसरून गेली. छत्री चांगली आहे, मीच वापरतो.

दुसरा बोल : भाडेकरू आला की घर आपलं होतं हे विसरून जावं. पुढे एक कारकून राहायला आला. सज्जन माणूस, वेळेवर भाडं. मी आपला संध्याकाळी फिरायला निघालो की सहज डोकावायचो. कधी फरशी बघ, कधी खिडकीची कडी. एकदा तो आंघोळीला गेला असताना त्याची खाट जरा सरकवली, कारण भिंतीचा रंग घासला जात होता. दुसऱ्याच महिन्यात त्यानं गाशा गुंडाळला. भाडेकरू आणून देणाऱ्या एजंटनं मला समोर बसवून चांगलं फैलावर घेतलं आणि नव्या करारात दोन कलमं घातली : आधी कळवल्याशिवाय मालकानं उंबरठा ओलांडायचा नाही, आणि काही बिघडलं तर दोन दिवसांत दुरुस्त करून द्यायचं. मीही माझं एक कलम घुसडलं की, पाहुणा मुक्कामाला ठेवायचा तर मालकाची लेखी परवानगी लागेल. शेवटी मालक तो मालकच.

तिसरा बोल दुरुस्तीचा, आणि इथं मी स्वतःची पाठ थोपटून घेतो. घर रिकामं होतं तेवढ्यात मी नळ बदलले, ओल काढली, न्हाणीघराच्या दाराला नवी कडी लावली, स्वतः शिडीवर चढून ओट्यावर दिवा बसवला. सगळं झटपट! तुमची बहीण शिडी धरायला यायची. नवा नळ उघडायची, बंद करायची, पुन्हा उघडायची. (आमच्या घरातला नळ गेली कित्येक वर्षं गळतोय आणि न्हाणीघराचं दार गुडघ्यानं रेटावं लागतं. तिनं विषय काढला की मी "बघतो" म्हणतो. घरचं काय, घरचंच असतं.)

आणि या मेहनतीचं फळ म्हणजे हा भाडेकरू! एकट्याच बाई, शिवणकामाचा स्वतःचा धंदा, ना गोंगाट ना गर्दी. एजंटकडे बसून त्यांनी करारातलं कलम न् कलम वाचलं (मी अजून वाचलेलं नाही). एजंट म्हणाला, असा भाडेकरू नशिबानं मिळतो, मी डोळे झाकून सही केली. किल्ल्या द्यायला गेलो तेव्हा मी त्या चुकून परत स्वतःच्याच खिशात टाकल्या. आज महिना झाला, एक तक्रार नाही. सांगा दादा, कोणाला घर सांभाळता येत नाही?

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला विजयी,
जावईबापू

ता. क. : भाडेकरू म्हणजे तुमची बहीण. ती शिवणयंत्र घेऊन तिकडे राहायला गेली आहे. जाताना एवढंच म्हणाली, "तिथला मालक ऐकतो."

आणखी एक ता. क. : तुमच्याकडचा तो नळ दुरुस्त करणारा हुशार आहे म्हणतात. त्याला पहिल्या गाडीनं इकडे धाडा. आमच्या घरात आता त्या नळाशिवाय दुसरा आवाज नाही, आणि दादा, मला तो सहन होत नाही.

शेवटचं ता. क. : काल मी रीतसर आधी कळवून गेलो होतो. तिनं चहा दिला. मग मी पाहुणा म्हणून मुक्कामाला येण्याचा अर्ज केला आणि मालक या नात्यानं जागच्या जागी लेखी परवानगीही देऊन टाकली. तिनं तो कागद दोनदा वाचला, घडी करून फळीवर ठेवला आणि म्हणाली, "बघते."