वरच्या घरांचं पाणी

४ जानेवारी

चि. ढब्बूस,

अनेक आशीर्वाद. हे पत्र पाहून तू कपाळावर हात मारशील. मार. मी उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली आहे. लोकांना लोकांशी जोडून देता देता एवढं नक्की कळलं की फोनवर 'हो हो, बघतो' म्हणणारा माणूस कधी काही बघत नाही. गेल्या पावसाळ्यात तू मला ते दर आठवड्याला म्हणालास. म्हणून आता कागद. कागदाला 'हो हो' करून रिसीव्हर ठेवता येत नाही.

पाणी त्याही पावसाळ्यात घरात आलं. पुस्तकांचं कपाट विटांवर होतं, ते आता विटांच्या दुसऱ्या थरावर गेलं आहे. असंच चाललं तर कपाट माझ्याआधी माडीवर पोचेल. पण ते हसण्यावारी नेता येतं, भिंत नाही. काल गवंडी येऊन गेला. त्याने मागच्या भिंतीवर टिचकी मारली, कान लावला आणि डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतात तसं मला अंगणात बोलावलं. म्हणाला, भिंत पाणी प्यायली आहे. पावसाच्या आत गल्लीला गटार झालं तर ती वाचेल. नाही झालं तर बाई, या घरात राहू नका.

मला या घरात राहायचं आहे. एवढंच मागणं आहे, मोठं नाही. यंदाच्या रस्ते-गटारांच्या यादीत आमची गल्ली आहे ना, ते कळव.

तुझ्या फाटकासमोरच्या खड्ड्यात वहिनीचा पाय मुरगळल्याचं कळलं. नगरपरिषदेच्या अध्यक्षांच्या गल्लीतच दिवा नाही हे ऐकून आधी हसू आलं, मग पायाचं ऐकून आवरलं. तिला म्हणावं, शेकत राहा आणि नवऱ्याला कंदील धरायला लाव.

लोभ आहेच, उत्तर वेळेत आलं तर वाढेल.

तुझी ताई

११ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. उत्तर वेळेत देतो आहे, पण लोभ वाढेल असं वाटत नाही. तुझी गल्ली यादीत नाही.

रागावण्याआधी ऐक. फडताळातले आईचे चार डबे आठवतात? किराण्याचा, दुधाचा, फीचा आणि आजारपणाचा. एकातले पैसे दुसऱ्यात गेले की आई आत चिठ्ठी टाकायची आणि ती चिठ्ठी निघेपर्यंत आपल्याला लिमलेटची गोळी मिळायची नाही. नगरपरिषद तशीच चालते. घरपट्टीचा डबा पगार आणि सफाईत रिकामा होतो. पाणीपट्टीचा पंपाच्या वीजबिलात. रस्ते-गटारांना स्वतःचा डबाच नाही. त्यामुळे निम्मा खर्च सरकारी अनुदानातून येतो, पाव हिस्सा आम्ही कर्ज काढून घालतो आणि वर्षानुवर्षं फेडत बसतो. उरलेला पाव त्या गल्लीतल्या घरांनी हप्त्यांनी द्यायचा. ज्याचं घर रस्त्याला जेवढं रुंद, तेवढा त्याचा वाटा. निम्म्याहून जास्त घरांनी सही केली तरच काम होतं, नाहीतर अनुदान दुसऱ्या गल्लीला.

तुमच्याकडे वरच्या घरांनी सह्या नाकारल्या. पुढारी तुमचे कोपऱ्यावरचे औषधवाले. आमच्या दारात थेंब साचत नाही, मग खालच्यांच्या गटाराला आम्ही का पैसे द्यायचे, असं त्यांचं म्हणणं. दुसरी गल्ली असती तर मी घरोघर जाऊन समजावलं असतं. पण सगळ्यात खालचं घर तुझं. मी तोंड उघडलं की अध्यक्ष बहिणीचं अंगण कोरडं करतोय, असं गावभर होईल. म्हणून मीच तुमची गल्ली यंदा मागे ठेवली. माझ्या स्वतःच्या गल्लीचे दिवेही याच कारणाने मागे आहेत, हे तू तुझ्या वहिनीकडून ऐकलंच असशील. मी रोज ऐकतो.

यादी सध्या कच्ची आहे, कचेरीच्या भिंतीवर लावली आहे. आवक खिडकीत जी पत्रं येतील ती सगळी या महिन्याच्या सभेत मोठ्याने वाचायची, एकही गाळायची नाही, असा नियम मीच करून घेतला आहे. तुझ्या गल्लीतल्या कुणी लिहिलं तर बघू.

तोवर पावसाळ्यापुरती आमच्याकडे राहायला ये. मागची खोली रिकामी आहे.

राग काढशील तेवढा काढ, लोभ शिल्लक ठेव.

तुझा ढब्बू

१३ जानेवारी

चि. ढब्बूस,

आज आशीर्वाद अर्धेच. पाकिटावर तुझं पद पूर्ण लिहिलं आहे आणि घराऐवजी कचेरीचा पत्ता घातला आहे. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर म्हणत, कितीही संतापलात तरी पत्ता नीट लिहा. बहीण म्हणून मला काही मिळायचं नसेल, तर भाऊ म्हणून तुला तरी पत्र का मिळावं?

तुझा प्रामाणिकपणा फार महाग आहे रे. आणि तो तुझ्या खिशातून जात नाही, माझ्या भिंतीतून जातो. बहिणीचं काम केलं तर लोक नावं ठेवतील म्हणून बहिणीच्या आख्ख्या गल्लीचं काम अडवायचं, हा कुठला न्याय? माझ्या शेजारची शिंपीण काय तुझी मावशी लागते? तिची मशीन पाण्यात गेली ती कुणाच्या नात्यापायी? लहानपणी अंधारात पाणी प्यायला जायची भीती वाटायची म्हणून रोज मला उठवून न्यायचास. मी डोळे चोळत यायचे. तेव्हा 'लोक काय म्हणतील' कधी विचारलं नाहीस.

आता तुझे औषधवाले. त्यांना म्हणावं, पाऊस माझ्या छपरावर पडतो तेवढाच तुमच्याही छपरावर पडतो. मी माझं पाणी सांभाळते आणि वर तुमचंही सांभाळते. तुमच्या पन्हळीतून निघतं, पाच दारं ओलांडतं आणि माझ्या बैठकीत मुक्कामाला येतं. इतकी वर्षं फुकट ठेवून घेतलं. ते म्हणतात गटाराचा वाटा देणार नाही. हरकत नाही, मग माझ्या खोलीचं भाडं द्या.

आणि तेही नको असेल तर मी घर विकते. तुझ्या मागच्या खोलीत येणार नाही; वहिनी चांगली आहे आणि ती चांगलीच राहावी अशी माझी इच्छा आहे. दुसरीकडे कुठेतरी जाईन. पण जो कुणी हे घर घेईल तो माझ्यासारखा खुळा नसेल. पहिल्याच महिन्यात जोतं कमरेएवढं उचलेल आणि फाटकाला उंबरठ्याची भिंत घालेल. मग पाणी कुठे जाईल? खाली जागा नसली की ते मागे मागे तुंबत जाईल. आधी शिंप्यांकडे, मग वर, आणि एक दिवस औषधवाल्यांच्या गोळ्या पोहायला लागतील. सध्या या गल्लीचं गटार म्हणजे माझं घर आहे. ते मी बंद करते, एवढं कळवायला हे पत्र.

लोभ तात्पुरता स्थगित.

तुझी ताई

२९ जानेवारी

ती. वन्संना,

सा. न. वि. वि. पाय बरा आहे. तुम्ही आधी खुर्चीत बसा, मग पुढचं वाचा.

तुमचं पत्र तुमच्या भावाला मिळालंच नाही. पाकिटावर 'मा. अध्यक्ष, नगरपरिषद' लिहिलंत ना, ते गेलं सरळ आवक खिडकीत. तिथल्या कारकुनांनी नियमाप्रमाणे फोडलं, गल्लीचा उल्लेख पाहिला, शिक्का मारला आणि हरकतींच्या गठ्ठ्यात लावलं. काल सभा होती. मी प्रेक्षकांत बसले होते, लंगडत का होईना गेले होते. कारकून उभे राहिले आणि वाचू लागले, 'चि. ढब्बूस.'

वन्सं, काय सांगू. सभागृहात आधी मागच्या रांगेतून एक खोकला, मग जे हसू फुटलं ते आवरेना. यांनी हात वर केला, पत्र खाजगी आहे म्हणाले. उपाध्यक्षा आपल्या त्या दातांच्या डॉक्टर. त्या म्हणाल्या, शिक्का पडलाय, आणि एकही पत्र गाळायचं नाही हा नियम तुम्हीच आणलात. बिचारे कारकून घामाघूम. त्यांनी हशासाठी कुठेही न थांबता एका दमात सगळं वाचून काढलं. अंधाराची भीती वाचली तेव्हा तुमचे भाऊ छताकडे बघत होते.

पण घर विकण्याचा मजकूर आला तसं हसू थांबलं. उपाध्यक्षांनी प्रेक्षकांत बसलेल्या औषधवाल्यांना विचारलं, तुमच्या छपराचं पाणी कुठे जातं. ते म्हणाले, खाली जातं. खाली म्हणजे कुठे, असं विचारल्यावर ते शेजारच्या माणसाशी काहीतरी कुजबुजले. मला एवढंच ऐकू आलं, की जोतं कमरेएवढं उचललं तर खरंच पाणी वर येईल का.

त्यानंतर हे उठले. म्हणाले, गल्ली मी मागे ठेवली, कारण तिथे माझी बहीण राहते, ते चुकलं. खुर्ची उपाध्यक्षांना दिली आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मत द्यायला आत आले नाहीत.  रात्री घरी अंधारात स्वयंपाकघरात पाणी प्यायला उठले, तर मी दिवा लावून दिला. फार रागावले.

तुमचा लोभ स्थगित आहे असं सगळ्या गावाने ऐकलं. माझ्यापुरता तरी चालू ठेवा.

तुमची वहिनी

७ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. मी तुझ्याशी बोलत नाही, पण लिहायला हरकत नाही. औषधवाल्यांनी सही केली आणि वरच्या सगळ्या घरांकडून सह्या गोळा करून स्वतः आणून दिल्या. हप्ते जरा लांबवून मागितले, उपाध्यक्षांनी दिले. पक्क्या यादीत तुमची गल्ली आहे. पावसाआधी खोदकाम उरकायचं असं कंत्राटदाराकडून लिहून घेतलं आहे.

दारावरचा शिपाई मला आता 'साहेब' म्हणण्याआधी क्षणभर थांबतो. काय गिळतो ते मला ठाऊक आहे.

ताई, मला खरंच वाटलं होतं की मी बरोबर वागतोय. अजूनही थोडं वाटतं. पण तुझी भिंत पडली असती तर मला ते कुणालाच समजावता आलं नसतं, तुला तर नाहीच.

स्थगिती उठव.

तुझा (नाव सगळ्यांना माहीत आहे)

१६ जुलै

चि. ढब्बूस,

पुरते आशीर्वाद, मागच्या थकबाकीसकट.

काल धो धो कोसळला. सवयीने मी चपला हातात घेऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन बसले आणि वाट बघत राहिले. पाणी आलं नाही. इतक्या वर्षांचा पाहुणा दारावरून न वळता निघून गेला, जरा अपमानच वाटला. मग गटाराच्या झाकणाजवळ जाऊन कान लावला, तर खालून गडगडत चाललेलं. शिंपीण छत्री घेऊन बाहेर आली आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या गटाराचा आवाज ऐकत उभ्या राहिलो. वरून औषधवाल्यांनी ओरडून विचारलं, की पोचलं का आमचं. मी सांगितलं, पोचलं आणि पुढे गेलं.

गवंड्याने पुन्हा टिचकी मारली. भिंत वाळते आहे. कपाट विटांवरून उतरवलं.

आता तक्रार. वाट्याचं बिल आलं. रुंदी मोजताना तुमच्या माणसाने कुंपणाबाहेरचं शेजाऱ्यांचं झुडूपही माझ्यात धरलं आहे. अध्यक्षाची बहीण म्हणून सूट नको, पण अध्यक्षाची बहीण म्हणून शेजाऱ्यांचं झुडूपही नको. पहिला हप्ता भरला आहे. झुडुपाचे परत कर.

लोभ पूर्ववत, झुडूप वगळून.

तुझी ताई

२ ऑगस्ट

ती. वन्संना,

सा. न. वि. वि. तुमच्या झुडुपाचे पैसे पुढच्या हप्त्यात वळते होतील; तुमचे भाऊ स्वतः फीत घेऊन जाऊन मोजून आले.

आता माझं गाऱ्हाणं. पुढच्या वर्षाची कच्ची यादी या खेपेला लवकर लागली. आमच्या गल्लीचे दिवे पुन्हा मागे! मी विचारलं, तर म्हणतात, बहिणीचं झालं, लगेच स्वतःचं केलं तर लोक काय म्हणतील. समोरच्या आजोबा-आजींनी संध्याकाळनंतर बाहेर पडणं सोडलं आहे. मी सांगून थकले. माझं बोलणं घरातलं असतं, घरातल्या बोलण्यावर शिक्का बसत नाही.

तुम्ही एखादं पत्र लिहाल का? पाकिटावर पत्ता कसा घालायचा ते तुम्हाला सांगायला नको.

तुमच्या लोभावर आणि हस्ताक्षरावर भिस्त आहे.

तुमची वहिनी

५ ऑगस्ट

प्रति,
मा. अध्यक्ष, नगरपरिषद

विषय: अध्यक्षांच्या गल्लीत दिवे नसल्याबद्दल हरकत.

चि. ढब्बूस,

अनेक आशीर्वाद. पत्ता या वेळी रागाच्या भरात घातलेला नाही.

तुझ्या गल्लीत तू एकटा राहत नाहीस. समोर दोन म्हातारी माणसं राहतात, ती तुझी कुणी लागत नाहीत. त्यांना अंधारात ठेवून तुझं नाव उजळ राहत असेल तर ते नाव बदल. दुसरं आमच्याकडे तयार आहे आणि आता ते सर्वांना पाठ आहे. खांबांच्या वाट्यासाठी सह्या लागतात. पहिली सही तुझ्या बायकोची सोबत जोडली आहे.

शिवाय अध्यक्ष अंधाराला घाबरतात ही बाब सभेच्या नोंदीत आलेलीच आहे. मग त्यांच्या दारात दिवा लावणं हा पक्षपात कसा? ती तर सोय झाली.

या पत्रावर काय निर्णय होतो त्यावर लोभाचं ठरेल.

तुझी ताई

ता. क. आवक कारकुनांस विनंती: शिक्का मारावा आणि सभेत सावकाश वाचावं. मागच्या वेळी तुम्ही हशासाठी थांबला नाहीत. या वेळी मी स्वतः येते आहे, पुढच्या रांगेत बसेन. थांबायचं कुठे ते खूण करून सांगेन.