रविवारचा अर्धा तास

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

आज यांचं श्वासाचं मशीन तासभर आधीच बंद केलं. मदतीला येणारी मैना म्हणाली, "पान्याचा भरोसा नाय, ताई. टाकी भरलेली हाय तवर नळ्या धुवून घेते." करंजाड्यातलं पाणी, दुसरं काय! ती मशीनच्या नळ्या घेऊन मोरीत गेली आणि मी यांच्या गळ्यातल्या नळीला हातानं श्वास द्यायची अंबू बॅग लावून बसले. दाबली की यांची छाती वर, सोडली की खाली. नळ्या धुऊन वाळेपर्यंत अर्धा तास. दर रविवारी.

आठ महिने झाले. नसांच्या आजारानं हातपाय नेले, छाती नेली, आवाज नेला. पापण्या तेवढ्या ऐकतात. एकदा मिटल्या तर हो, दोनदा तर नाही. अक्षरांचा तक्ता आहे, पण 'पंखा बंद' एवढं सांगायला दहा मिनिटं जातात.

आठवडाभर मी या खोलीत नुसती कामाला येते — औषध, नळीतून दूध, कूस बदलणं. रविवारी मात्र जागेवरून हलता येत नाही, मग बोलत बसते. समोरच्यांनी पुन्हा चपलांचं कपाट आपल्या दारापर्यंत सरकवलंय, इथपासून सगळं. हे डोळे मिटून ऐकतात. आवडतं यांना. मशीन परत लावल्यावर विचारलं, "बरं वाटतंय?" पापणी एकदा मिटली.

बोटावरच्या ऑक्सिजनच्या मीटरवर ९९. फोटो काढून सत्यजीतला बंगळुरूला पाठवला. मुलाकडून अंगठा आला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी वीज गेली. इन्व्हर्टरनं वीस मिनिटांत मान टाकली, मशीनची बॅटरीही लाल दाखवायला लागली. मैना घरी गेलेली. बॅग लावली आणि दाबत बसले. सव्वा तास!

फोन बाहेरच्या खोलीत वाजून वाजून थांबला. कुणीतरी बेल दाबून बघितली असेल, विजेविना ती वाजली नाही, मग दार ठोठावलं, मग गेलं. हाक मारावीशी वाटली. पण मारून सांगायचं काय? कुरियरवाल्या, ये, जरा माझ्याजवळ बस?

हॉस्पिटलातल्या सिस्टरनं शिकवलं होतं तेच धरून राहिले. "काही मोजत बसू नका मावशी. तुम्ही श्वास घ्याल तेव्हा त्यांना द्या." माझा एक, यांचा एक. काळीज धडधडत होतं, पण एकही चुकवला नाही. मीटर ९९ च्या खाली आलं नाही. हे डोळे मिटून शांत पडून होते. वीज आली तेव्हा माझी बोटं सरळ होईनात. दाखवायला कुणी नव्हतं, म्हणून इथे लिहिते.

९ फेब्रुवारी, रविवार

अर्धा तास संपला आणि मशीन परत लावताना मला वाईट वाटलं. लिहितानाही लाज वाटतेय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

रुमाना आली होती. श्वासाचे व्यायाम घ्यायला पनवेलहून येते ती मुलगी. यांची जीभ आणि ओठ आता हलायला लागलेत, तिनं आज बॅटरी मारून नीट बघितलं. म्हणाली, "काकू, संडेला आपण एक ट्राय करू. गळ्यातल्या नळीभोवती छोटा फुगा असतो ना, तो मी रिकामा करते. तुम्ही बॅग दाबली की थोडी हवा वर घशातून जाईल. आवाज येऊ शकतो."

मी दाबेन आणि हे बोलतील!

पहिलं काय म्हणतील? रमा म्हणतील का? चहाच मागतील बहुतेक.

१६ फेब्रुवारी, रविवार

साडी बदलली होती. मैना हसली. "पावने येनार हायत काय, ताई?"

रुमानानं सिरिंजनं फुगा रिकामा केला. मी दाबलं. नुसती खरखर. पुन्हा दाबलं. मग यांचा आवाज आला. घोगरा, पण यांचाच.

"हळू."

मला वाटलं, रुमानाला सांगताहेत. पण तिचा हातही लागत नव्हता. मी दाबलं.

"हळू दाब."

दाबलं.

"चक्कर येते."

रुमानानं माझ्या हाताकडे बघितलं, मग घड्याळाकडे. "काकू, मिनिटाला तीस-पस्तीस वेळा दाबताय. बारा पुरे." इतकं भरभर दाबलं की डोकं गरगरतं, तोंडाला-हाताला मुंग्या येतात म्हणे. मीटरला ते कळत नाही, ते ९९ च दाखवतं. "तुम्ही मोजता कशावर?"

माझ्या श्वासावर, म्हटलं.

ती म्हणाली, "घाबरलं की आपला श्वास पळतो ना, काकू."

मैना ओल्या नळ्या घेऊन दारात उभी होती. "बसा ताई. आमी हाय इथं." मी बसलेच होते.

म्हणजे ते मिटलेले डोळे! आठ महिन्यांचे रविवार. आणि मंगळवारचा तो सव्वा तास, ज्याचा मला एवढा अभिमान. "बरं वाटतंय?" विचारायचे तेही मशीन लावल्यावर. माझ्या हातून सुटले की बरंच वाटणार यांना.

सत्यजीतचा फोन आला, बाबा काय बोलले म्हणून. फार खरखर होती, म्हटलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पुढच्या रविवारी तू दाब, मी नळ्या धुते, असं मैनाला सांगितलं. ती म्हणाली, "मला नाय जमाचं. तुमीच करा." दिवसभर त्या खोलीत कामापुरती गेले. यांच्या डोळ्यांकडे बघितलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

रुमानानं फुगा रिकामा केला आणि घड्याळ माझ्यासमोर ठेवलं. पाच सेकंदांनी एक. तीन-चारदा हात पुढे पळाला, आवरला.

विचारलंच. तक्त्यावर पंखा सांगता आला, हे नाही सांगता आलं? आठ महिने?

उत्तर हवं तर मलाच दाबायचं होतं. दाबलं.

"तू बोलायचीस."

पाच सेकंद थांबले. दाबलं.

"थांबली असतीस."

नंतर पूर्ण अर्धा तास यांचे डोळे उघडे होते, माझ्याकडेच. आणि मला बोलायला एक शब्द सुचला नाही.