दोन ओळींचं फीड

३ नोव्हेंबर, सोमवार

ब्राउझर आपला आपणच बदलला! सकाळी चहा घेऊन बसलो तर पान नवं, बटणं नवी, आणि सगळ्यात वर, फोटोसकट — भोंग्याचा ब्लॉग!

सुनेला हाक मारली. म्हणाली, "नवी सोय आहे, बाबा. तुम्ही ज्याचं पान जास्त उघडता ते आपोआप वर येतं." मग माझ्याकडे बघून, "रोज उघडता वाटतं?"

"चुकून बोट लागतं."

"रोज सकाळी सातला?"

यंत्रांनासुद्धा चहाड्या करता यायला लागल्या.

४ नोव्हेंबर

भोंगा चौथीपासून माझ्या बाकावर. गुरुजींची एक रीत होती. कवितेच्या दोन ओळी म्हणायचे, पुस्तक मिटायचे आणि गप्प बसायचे. पुढचं ज्याला येईल त्यानं उभं राहायचं. मला यायचंच! पण मी आधी मनातल्या मनात एकदा म्हणून बघायचो. तेवढ्यात भोंगा उभा. आवाज असा की शेजारच्या वर्गाचीही कविता पाठ व्हायची. आणि विसरला तर? स्वतःच्या ओळी ठोकून द्यायचा! गुरुजी हसायचे. माझा एक शब्द चुकला तर मात्र कपाळाला आठी.

आता दोघेही ब्लॉग लिहितो. शाळा तीच, बाक तोच. त्याच्या पानावर लिहिलेलं असतं — फीडचे वाचक ४१२. माझ्या पानावर — ३. त्यातली एक सून, एक मी. तिसरा कोण देव जाणे.

७ नोव्हेंबर

नोटीस आली. १ डिसेंबरपासून ब्राउझरमधलं फीड बंद. म्हणजे वाचकानं एकदा खूण करून ठेवली की माझं लिखाण आपोआप त्याच्याकडे जाऊन पडायचं, दूधवाल्यानं दारात बाटली ठेवावी तसं — ते बंद. आता कुणी काय वाचायचं ते ब्राउझर ठरवणार. ज्याच्या आवाजाला जोर, तो वर. जगाचा चौथीचा वर्ग झाला!

सून म्हणते, "फीड आता वाचतंय कोण, बाबा?"

तिघं वाचतात.

८ नोव्हेंबर

सेटिंगमध्ये खोदता खोदता सापडलं. फीडमध्ये पूर्ण लेख पाठवायचा की फक्त सुरुवात, हे आपल्या हातात असतं. केलं — दोनच ओळी! उरलेलं वाचायचं असेल तर या माझ्या पानावर. भेटींचा आकडा तरी हलेल. भोंग्याच्या तोंडात मारल्यासारखं होईल.

१२ नोव्हेंबर

आकडा हलला नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

चोर! चोर! चोर!

परवा मी लिहिलं होतं — 'शाळेच्या मागच्या भिंतीला एक भोक होतं. त्याला डोळा लावला की पलीकडे दुसरंच गाव दिसायचं.' आज भोंग्याच्या पानावर माझ्या याच दोन ओळी, जशाच्या तशा! आणि पुढे त्याचं — 'त्या गावात संध्याकाळ आमच्याआधी व्हायची. म्हणून आम्ही घरी जायला कधी घाबरलो नाही.'

मी पुढे भिंत कुणी बांधली आणि विटा कुठून आल्या ते लिहिलं होतं. दीड पान.

त्याला सत्तावीस प्रतिक्रिया.

१८ नोव्हेंबर

पुन्हा! या वेळी शाळेची घंटा. माझ्या दोन ओळी, त्याच्या चौदा. त्या चौदा मी दोनदा वाचल्या, म्हणून जास्तच संताप. जेवताना पाण्याचे दोन तांबे संपवले. सून म्हणाली, "भाजी तिखट झाली का?" भाजी गोडच होती.

२२ नोव्हेंबर, शनिवार

खडसावायचंच म्हणून फोन केला. चार वाक्यं कागदावर लिहून ठेवली होती. पहिलं — 'लाज वाटते का?'

वहिनींनी उचलला. "भावजी! तुमचीच आठवण निघाली होती. अहो, यांना वर्षभर दिसत नाही. काही म्हणजे काही नाही. ब्राउझर फीड वाचून दाखवतो, तेवढं एक बटण मी बोटाला लावून दिलंय. सकाळी पहिलं तुमचं ऐकतात. मग सांगतात, मी टाइप करते. आधी नुसते बसून असायचे. हल्ली दोन ओळींनंतर उठून उभे राहतात! म्हटलं, बसून सांगा. ऐकतील तर शपथ."

उभे राहतात.

मग तो आला. आवाज तोच, भिंती हलवणारा. "काय रे, एकदम गुरुजी झालास? दोन ओळी टाकतोस आणि गप्प! पहिल्या दिवशी वाटलं यंत्र बिघडलं. मग लक्षात आलं — अरे, हा आपला खेळ! पुढचं बरं जमतंय ना? का आठी पडली?"

कागद हातातच होता. आकड्यासाठी कापल्या होत्या रे त्या ओळी, असं सांगायचं होतं.

"खेळच," मी म्हणालो.

"तरीच! दुसऱ्या कुणाला सुचणार?"

तिसरा वाचक सापडला.

२३ नोव्हेंबर

फीड पूर्ण करायला गेलो. बटणावर बोट ठेवून बराच वेळ बसलो. पूर्ण लेख गेला तर तो बसून ऐकेल.

बोट काढलं.

३० नोव्हेंबर

उद्या फीड बंद. वहिनी म्हणाल्या, नव्या ब्राउझरात बोटाला कुठलं बटण लावून द्यायचं ते कळत नाही. सुनेला विचारलं. तिनं तास घातला. म्हणाली, "बाबा, डोळे असलेल्या माणसालाही सापडेना."

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी सातला फोन केला. दोन ओळी म्हटल्या आणि गप्प बसलो. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

पुढचं त्यानं माझ्यापेक्षा चांगलं म्हटलं. जळफळाट झालाच! उद्या अवघड देणार आहे.