थायलंडात मिसरीची डबी

धाकट्या पंचफुलाबाईस, तुला अन् साखऱ्यातल्या समद्यांना आक्काचा जयभीम.

मी नात करुणासंगं, पाठीवर पिशवी टाकून, थायलंडात सुखरूप पोचले. नेपाळ सोडताना लई रडले गं, तिथं आपली हिंदी चालायची. इथं भात हाय, पण चिकट.

उतरल्याबरोबर पोलिसानं माझी मिसरीची डबी धरली. काळी भुकटी त्याला नशेची वाटली! मी चिमूट घेऊन दात घासून दाखवले. त्यो हसला, पण डबी ठेवून घेतली.

तवापासून वर्दी दिसली की मी रस्ता बदलते. करुणा म्हणते, "आजी, घरी जायचं का?" म्या म्हणलं, "न्हाई."

गुडघ्याला तेल लावतीस ना? माझ्या लेकाला यातलं सांगू नको, माघारी बोलवील. भ्याव वाटतं, पर मला अजून बघायचंय.

तुझी आक्का
गयाबाई