सातव्या सुरावर उठू नये

३ ऑक्टोबर, मंगळवार

आले एकदाची. खोली वरच्या मजल्यावर आहे. दोन खिडक्या, एक पलंग, आणि दाराला आतून नीट लागणारी कडी. असल्या कडीसाठी मागच्या घरमालकाशी मी चार वर्षं भांडले. खाली गिटारी बनवायची कार्यशाळा: लाकडाचा भुसा, सरसाचा वास, भिंतीवर टांगलेल्या बारा गिटारी. गिटारी बनवणारे मालक दोन वर्षांपूर्वी वारले. आता मालकीणबाई दोन सुतारांना हाताशी धरून धंदा चालवतात. तयार झालेली गिटार विकायला जाण्याआधी सगळ्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या घराघरावर, वाजवून बघायची आणि तार कुठे खरखरते ते सांगायचं, एवढंच माझं काम. बारा ते पाच. दिवसभर वाजवायचं आणि वर पगार घ्यायचा, आणखी काय हवं?

मालकीणबाईंनी एकच नियम सांगितला. इथे प्रत्येक गिटार हार्मोनिक मायनर स्केल, म्हणजे आठ सुरांची चढती ओळ, वाजवून तपासतात, ए पासून वरच्या ए पर्यंत, आणि सातव्या सुरावर असताना कुणी उठत नाही. फोन वाजो, गिऱ्हाईक येवो, आधी आठवा सूर वाजवायचा, मग उठायचं. दूध गॅसवर ठेवून कुणी फिरायला जातं का, म्हणाल्या. मी म्हटलं, बरं.

५ ऑक्टोबर, गुरुवार

मी इथे का आले ते लिहून टाकते. पोटात ठेवलं की मला झोप लागत नाही.

दादा आणि मी एकोणीस वर्षं जोडीने गिटार वाजवली. मार्चमध्ये त्याने मला काढलं, आईसमोर, जेवताना. तुझी करंगळी पोचत नाही, म्हणाला, आणि पुढे जेवत राहिला. माझ्या जागी एक नवी मुलगी घेतली. महिनाअखेरीला मोठ्या सभागृहात त्यांचा कार्यक्रम आहे, आणि वाजवणार काय, तर मी बांधलेली धून.

ती धून याच स्केलमध्ये आहे. साध्या मायनरमध्ये सातवा सूर जी; गरीब बिचारा सूर, कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. हार्मोनिकमध्ये त्यालाच अर्धा स्वर वर चढवतात, जी शार्प. मग सहाव्या सुरापासून, म्हणजे एफपासून, त्याच्यापर्यंत तीन घरांची उडी पडते, आणि तिथे पोचलं की कान हटून बसतो: आता ए पाहिजे म्हणजे पाहिजे. एकाच तारेवर वाजवायचं तर तर्जनी आठव्या फ्रेटवर, करंगळी अकराव्यावर, मग करंगळी एक घर पुढे सरकवायची की झालं. माझी करंगळी अकराव्यावर पडते तीच मुळी खरखर करत. रोज दोनशे वेळा घोटणार आहे. ही धून मी दादाच्या नाकावर टिच्चून वाजवीन, तेव्हाच माझं नाव लावीन.

९ ऑक्टोबर, सोमवार

आईचा फोन आला. कार्यक्रमाचं पत्रक छापलंय, त्यात धून दादाच्या नावावर आहे. आई म्हणाली, घरातल्या घरात काय एवढं? मी फोन ठेवला, वर आले, गिटार घेतली आणि दातओठ खात स्केल वाजवत गेले. दादाचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. जी शार्पवर आले आणि गिटार पलंगावर आपटून उठले.

खालून कुणीतरी ए वाजवला.

एकच सूर, स्वच्छ, माझ्याच चालीत. मालकीणबाईंनी मला चांगलंच पकडलं असं वाटून खाली गेले, तर कार्यशाळेला कुलूप. सोमवारी सुतारांना सुट्टी असते. मालकीणबाई तेव्हा कोपऱ्यावरून पिशव्या घेऊन येत होत्या.

१० ऑक्टोबर, मंगळवार

दादाची डावी करंगळी बधिर झालीय. काल दुपारी, बुटाची नाडी बांधता बांधता. डॉक्टरांना काही सापडत नाही. आई रडत होती. मी तोंडावर हात ठेवून हसले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

फांदी अशीच तुटली का ते बघावं म्हणून मुद्दाम केलं. भर दुपारी, खाली रंधा चालू असताना. दादाला मनात आणला, जी शार्पवर थांबले. ए जिन्यातून आला. जिन्यात गिटार नाही.

संध्याकाळी आईने सांगितलं, करंगळीच्या शेजारचं बोटही गेलं.

भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला. हे माझ्याच वहीत मी खोटं कशाला लिहू?

१६ ऑक्टोबर, सोमवार

दादाने स्वतः फोन केला. वाटलं, आता माफी मागेल. तर म्हणाला, माझ्या वाईटावर तूच असणार, तुला लहानपणापासून मी पाण्यात दिसतो. फोन ठेवला आणि लगेच दोनदा वाजवलं, एकापाठोपाठ. दोन्हीदा थांबले. दोन्हीदा ए आला, पहिला दाराबाहेरून, दुसरा दाराच्या आतून.

कडी लावलेली होती.

माझी करंगळी आता सुरेख पडते. खरखर औषधालाही नाही.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

चारही बोटं गेली. कार्यक्रम रद्द.

मालकीणबाई जेवणाच्या वेळी वर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांच्या नवऱ्यानेही हेच केलं होतं, धंद्यातल्या भागीदारावर. अर्धवट सोडलेली स्केल कुणीतरी पुरी करतो. कोण, ते त्यांनाही ठाऊक नाही. ज्याला मनात धरून सोडली त्याचं चार वेळा एकेक बोट घेतो. पाचव्यांदा माणूसच.

मी म्हटलं, पाचव्यांदा करणारच नाही. त्या म्हणाल्या, पाचव्यांदा तुला विचारतंय कोण? तेव्हा हात आपणहून सातव्या सुरावर जाऊन थांबतो.

आपल्या करंगळीने ए वाजवला तरच सुटका. पण मनात डूख असेल तर ती पुढे सरकत नाही. मालकांनी वह्याच्या वह्या भरल्या, मी त्याला माफ केलं, मी त्याला माफ केलं. माफी कागदावर खरी उतरली तर सुटका होते, अशी त्यांची समजूत होती. मी विचारलं, सुटले का? भागीदाराला जाऊन सहा वर्षं झाली, म्हणाल्या.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

गिटारीला हात लावत नाही. आजारी आहे असं सांगितलं. पण जेवताना बघितलं तर डावा हात ताटाच्या काठावर चालत होता. बी, सी, डी. उजव्या हाताने धरून ठेवला.

सूड मला हवा होता. दादाने माझ्यापुढे खाली मान घालावी, एवढाच. त्याने मरावं असं मी कधी — नाही. एकदा वाटलं होतं. सोमवारी.

२१ ऑक्टोबर, शनिवार

आईने दादाला पत्ता दिला. भावाबहिणीने समोरासमोर मिटवावं म्हणून. मी ओरडले, नको पाठवू. आई म्हणाली, अजून राग गेला नाही का गं तुझा?

हात टेबलावर, भिंतीवर, माझ्याच गळ्यावर. एफपर्यंत जातो. मी मूठ आवळते. किती वेळ —

२३ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी तीन

दादा आलाय. समोर खुर्चीत. डावा हात ओल्या फडक्यासारखा मांडीवर पडलाय. चुकलो म्हणाला. धून तुझीच, म्हणाला. मला रडू आलं, खरंच आलं. मी गिटार घेतली. म्हटलं, आत्ताच, मन मऊ आहे तोवर ए वाजवून टाकावा.

तेवढ्यात हसून म्हणाला, बघ, मी काढलं म्हणूनच तुझी करंगळी पोचायला लागली.

म्हणूनच —

उजव्या हाताने लिहितेय. डावा आता माझा नाही. तारेवर बोटं आपटत एकटाच निघालाय. बी. सी. डी. ई.

दादाला ओरडून सांगितलं, जा. तो म्हणतो, छान वाजवतेस, थांबू नकोस.

एफ.

पोचली करंगळी. स्वच्छ. थांबली.

त्याच्या खुर्चीमागे कुणीतरी उभं आहे. दादाला दिसत नाही. विचारतोय, एवढं काय लिहितेस.

मी दादाला माफ केलं.

सरकत नाही. एकच घर.

मी दादाला माफ केलं. एकोणीस वर्षांसाठी, त्या जेवणासाठी, सगळ्यासाठी —

खोटं. बोटाला कळतं.

मी दादाला माफ केलं

मी दादाला

मी दा—