डोळ्यातली जाळी

३ फेब्रुवारी, मंगळवार

मायक्रोस्कोपमध्ये केस अडकलाय! काळा, वाकडा, टोकाला फाटे फुटलेला. सकाळपासून डोक्याला ताप. डिशमधली जाळी मोजायला बसावं, तर प्रत्येक डिशमध्ये हा आगंतुक मधोमध हजर.

मी घुबडावर घसरले — "लेन्स कशानं पुसलीस? शर्टानं?" घुबड म्हणजे प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो तो. जाड चष्मा, मान पूर्ण वळवून बघायची सवय, आणि कितीही बोला, चिडत नाही. म्हणाला, "ताई, आज मी त्याला हातसुद्धा लावलेला नाही." मग स्वतः वाकून बघितलं. "कुठाय केस? लख्ख तर आहे!"

मग आम्ही नव्या पोरांना शिकवतो ती युक्ती केली. डिश सरकवली. केस सरकला नाही — म्हणजे डिशमध्ये नाही. डोळा लावतो ती भिंग-नळी गोल फिरवली. केस फिरला नाही — म्हणजे तिच्यातही नाही. मग मी नुसती नजर फिरवली. केस फिरला! जरा मागे रेंगाळत, सावकाश.

घुबडाला म्हटलं, "गेला वाटतं." आणि लवकर घरी आले.

४ फेब्रुवारी

भिंतीवरही आहे. दुधाच्या पातेल्यातही. उजवा डोळा मिटला की गायब.

६ फेब्रुवारी

लिहून तरी काढते. कुणाला सांगायची हिंमत नाही.

माझं काम काय? रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी जेलीवर पसरायच्या. नुसत्या ठेवल्या तर आळशासारख्या पडून राहतात. वाढीचा घटक थेंबभर टाकला की जाग्या होतात — हात लांब करतात, एकमेकींना शोधतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डिशभर जाळी. नव्या वाहिन्यांची ही पहिली पायरी. इतकी वर्षं झाली, तरी ती जाळी दिसली की मी खुर्चीतच उडी मारते. आमच्या प्रयोगशाळेचे सर म्हणतात, तुझ्या हाताला यश आहे.

आहेच. फार आहे!

मला साखर आहे ती शाळेत असल्यापासून. साखरेनं डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक वाहिन्या बुजतात. पडदा उपाशी राहतो आणि रक्त मागतो. ते मागणं म्हणजेच हा घटक, जो मी कुपीतून डिशमध्ये टाकते. मग पडद्यावर नव्या वाहिन्या फुटतात. घाईच्या, कच्च्या, गळक्या. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त. माझा 'केस' म्हणजे ते रक्त.

हे सगळं मी मोठमोठ्या सभांमध्ये पडद्यावर दाखवून सांगितलंय. टाळ्या घेतल्यात. आणि स्वतःचे डोळे शेवटचे कधी तपासले? चार वर्षं होऊन गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! शहाणी कुठली.

९ फेब्रुवारी

नवरा म्हणाला, "डोळे का चोळतेस सारखी?" "झोप झाली नाही." "साखर बघितलीस?" "बघितली." "किती?" — आणि मी चक्क खोटा आकडा सांगितला.

सांगितलं तर खरं होईल, अशी भीती. लहान मुलासारखी भीती. ह्या वयात!

१२ फेब्रुवारी, गुरुवार

गेले एकदाची. एकटीच.

दंडाच्या शिरेतून पिवळा रंग सोडला आणि डोळ्याच्या आतले फोटो काढले. संध्याकाळपर्यंत मी कावीळ झाल्यासारखी पिवळी. ते सोड. फोटो पडद्यावर आला तेव्हा — खरं लिहिते — क्षणभर मी हरखले! काळ्यावर पांढरी, दाट, पंख्यासारखी पसरलेली जाळी. मनात आलं, अरे वा, घटकाचा डोस मस्त बसलाय. मी फाटे मोजायलाही लागले. मग कोपऱ्यात स्वतःचं नाव वाचलं आणि मोजणी तिथंच थांबली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्ही याच विषयातल्या ना? मग मी काय सांगणार?"

म्हटलं, "सांगा. मला काहीच कळत नाही असं समजून सांगा."

दोन्ही डोळ्यांत आहे. उजव्यात जास्त. मधला, वाचायला लागतो तो भाग सुजायला लागलाय. उपाय दोन. एक लेझर — पडद्याच्या कडा भाजून काढायच्या. वाहिन्या सुकतात, पण कडेची नजर आणि अंधारातलं दिसणं कमी होतं, आणि मधली सूज त्यानं हटत नाही. दुसरं, डोळ्यात इंजेक्शन — तो घटक अडवणारं औषध. महिन्याला एक. "तुमचं पोटच नजरेवर आहे. आधी इंजेक्शनच. पुढच्या गुरुवारी या."

त्याच औषधाची धाकटी बहीण आमच्या फ्रीजमध्ये आहे. निळ्या झाकणाची कुपी. रोज हाताळते मी ती.

१३ फेब्रुवारी

नवऱ्याला सांगितलं. वाटलं होतं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. लिफ्ट दुरुस्त करून आला होता, हात ग्रीसनं काळे, तसाच खाली फरशीवर बसला. म्हणाला, "मी आहे ना. हाताला धरून नेईन कुठंही."

"मला नेऊ नकोस!" मी किंचाळले. "मला दिसू दे!"

नंतर वाईट वाटलं. त्या बिचाऱ्यानं काय चुकीचं म्हटलं होतं?

१६ फेब्रुवारी

आज अंडी. कोंबडीच्या अंड्याच्या कवचाला छोटी खिडकी कापायची. आत पातळ पडदा, त्यावर वाहिन्या, आणि खाली पिलाचं हृदय टुकटुक. घटक लावलेली कागदाची टिकली ठेवली की चहूबाजूंनी वाहिन्या तिच्याकडे धावत येतात. दुसऱ्या रांगेत अडवणारं औषध. तिथं एकही फिरकत नाही. जास्त डोस दिलेल्या अंड्यांत तर सगळंच थांबलेलं. घुबड हळू म्हणाला, "ताई, ही गेली."

एरवी मला जरा चुटपुट लागते. आज लागली नाही. आज मनात म्हटलं, अस्सं! एकीलाही सोडू नका. मेल्या फुटतातच कशाला नको तिथं! औषधावर इतका जीव कधी जडला नव्हता.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पळून आले.

काय सांगू! आडवी झाले, बधिर करणारे थेंब घातले, तोंडावर कापड, आणि नर्सनं पापण्या उघड्या ठेवायची तार हातात घेतली. लहानपणापासून रोज स्वतःला सुया टोचतेय — पोटात, मांडीत, फोनवर गप्पा मारता मारता. त्यात काय एवढं? पण ही सुई समोरून येणार, आणि ती येताना मला दिसणार! पाचावर धारण बसली. "थांबा, थांबा" म्हणत उठले ती थेट रस्त्यावर. डोक्यावर त्यांची निळी टोपी तशीच. मागून नवरा, त्याच्या हातात माझ्या चपला.

रिक्षात बसल्यावर तो म्हणाला, "टोपी छान दिसते." मी हसले आणि मग रडले. पुढच्या गुरुवारी नक्की, असं कबूल करून घेतलं त्यानं.

२० फेब्रुवारी

घुबडाला कळलंय. सगळ्या कुप्यांवर त्यानं ठळक, मोठ्या अक्षरांत नवी लेबलं लावलीयत.  

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी तोंड धुताना उजव्या डोळ्यात लाल धूर चढला. पाण्यात शाई सोडावी तसा, खालून वर. मग सगळंच तांबूस, मग काळपट. डावा मिटून बघितलं, तर आरशात मी नव्हतेच.

ओरडले. नवरा धावत आला. त्याचा चेहरा अर्धा धुरातच दिसत होता.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, म्हणून जास्त घाबरले. "रक्त आपोआप ओसरेल, वेळ लागेल. पण डाव्यातही तीच जाळी आहे, आणि आता तुमची सगळी मदार त्याच्यावर. आज मात्र रक्तदाब फार चढलाय, तो उतरू दे. येत्या गुरुवारी डाव्याला इंजेक्शन. आता पळायचं नाही."

नाही पळणार. कुठं पळू? डोळे बरोबरच येतात.

१ मार्च

अक्षर मोठं काढतेय. ओळीवर ओळ चढतेय बहुधा.

सर घुबडाकडे बोट दाखवून म्हणाले, "मोजणी थोडे दिवस त्याच्याकडे दे." प्रेमानंच म्हणाले. पण मोजणी गेली तर माझ्याकडे उरलं काय? मला दुसरं काही येत नाही. गाता येत नाही, माणसं सांभाळता येत नाहीत, तोंड तर हे असं. मला बघता येतं! तेवढंच येतं. कशातही, कितीही बारीक असो.

 सकाळी डोळे उघडायच्या आधी मी थोडी पडून राहते. उघडले आणि डावाही गेला असेल तर? मिटलेले असेपर्यंत तरी दोन्ही शाबूत आहेत.

४ मार्च

उद्या. ह्या वेळी चपला नवऱ्याकडेच देऊन ठेवणार.

५ मार्च, गुरुवार

इंजेक्शन झालं नाही. मी पळाले नाही. नर्सनं विचारलं, "शेवटची पाळी कधी?" तारीख उलटून गेलेली, मला पत्ताच नाही! "तारीख उलटली की सगळ्यांचीच करतो, काळजी नको," म्हणून तिनं चाचणी केली. दोन रेघा. माझ्या डोळ्यावर माझा विश्वास नाही, म्हणून तिला मोठ्यानं वाचायला लावलं. दोनच.

दोनदा गर्भ पडल्यावर तो विषय आम्ही घरात काढायचाच सोडला होता.

डॉक्टरबाईंनी औषध परत खोक्यात ठेवलं. "हे नव्या वाहिन्या फुटू देत नाही. रक्तात थोडं उतरतंच. आणि आत जे आहे त्याच्या सगळ्याच वाहिन्या आत्ता फुटायच्यात... तुम्हाला मी काय सांगणार?" लेझर करता येईल. पण या नऊ महिन्यांत डोळे भराभर बिघडतात. नजर राहील याची खात्री देत नाही, म्हणाल्या. निर्णय तुमचा.

मी म्हटलं, लेझर.

बाहेर बाकावर नवरा रडत होता, हसतही होता. "अगं, पण तुझे डोळे?"

म्हटलं, "तू नीट बघशील ना? कसं दिसतं ते सगळं मला सांगशील ना?"